बाहेरून प्रवेश: चालू

मंगळवार, ३

कॅमेऱ्याने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दारात एका पायावर उभी राहून चप्पल काढत होते. आई खाटेवर झोपलेली. घरात तिसरं कुणी नाही. कपाटावरचा तो पांढरा गोळा हळूच फिरला, दारापाशी थांबला. खालचा निळा दिवा लागला होता.

तो माझ्या फोनवरून फिरतो. फोन पिशवीत होता.

मी पुढे गेले. तो हलला नाही. स्टुलावर चढून त्याच्यावर रुमाल टाकला. खाली उतरले. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं.

आईला उठवून विचारलं, कुणी आलं होतं का. म्हणाली, "येतात की."

बुधवार, ४

रुमाल सकाळी काढला. तो ठेवला तर ग्रंथालयातून मला आई दिसणार नाही.

नीट लिहून ठेवते, म्हणजे डोकं जागेवर राहील. आई पडली तेव्हा मी हा कॅमेरा आणला. सहा महिन्यांपूर्वी दादा आला होता, त्याने तो लावून दिला. नेटचा राउटरही त्यानेच बसवला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दादाने सांगितलं, "चिमे, तू फक्त हे बटण दाब, आई दिसेल." मी दाबते, आई दिसते.

दुपारी दोन ते चार मी ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. शिवण उसवलेली, पुठ्ठा सुटलेला. खळ लावायची, दाबाखाली ठेवायचं. तिथे मला कुणी हाक मारत नाही. आई त्या वेळी झोपते. दादाला हे माहीत नाही. त्याला मी सांगितलंय की मी आईला एकटी सोडत नाही. दोन तास म्हणजे सोडणं नव्हे.

आज पावणेतीनला फोन उघडला. ग्रंथालयात आवाज बंद ठेवावा लागतो. आई झोपलेली नव्हती. खाटेवर बसून, कॅमेऱ्याकडे बघून बोलत होती. हसली. पदराने तोंड पुसलं, पुन्हा बोलली. समोर कुणी नाही.

मग चित्र सरकलं. स्वयंपाकघराचं दार दिसलं, मग पुन्हा आई. मी फोनला बोट लावलं नव्हतं.

खळीचं भांडं तसंच टाकून घरी पळाले.

गुरुवार, ५

आई एकटीच बोलते, हे नवीन. हे दादाला सांगायचं नाही.

कॅमेऱ्याचं मात्र सांगावं लागलं. दुसरं कुणाला सांगणार? संध्याकाळी फोन केला. दादा कारखान्यात हजेरी ठेवतो, त्याची पाळी दोनला सुटते, त्यामुळे संध्याकाळी निवांत असतो.

म्हटलं, "दादा, कॅमेरा आपोआप फिरतो. कुणीतरी आत शिरलंय."

 तो म्हणाला, "किती वाजता?"

"चारच्या सुमारास. कालही, तीनच्या आत."

"तू तेव्हा कुठे होतीस?"

"कुठे असणार? स्वयंपाकघरात."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.  मग म्हणाला, "घाबरू नकोस. वायफायचा पासवर्ड बदल. मी सांगतो तसं कर."

त्याने सांगितलं तसं केलं. लांबलचक पासवर्ड ठेवला, आकडे आणि चिन्हांसकट. नंतर त्यालाही सांगितला, त्याच्याकडे लिहिलेला असावा म्हणून. माझं काय, आज लिहिलेला कागद उद्या सापडत नाही.

फोन ठेवताना म्हणाला, "पंधराला येतो. रविवारी. आईचं काय ते ठरवून टाकू."

"ठरवायचं काय आहे?"

"इथे जवळच एक जागा बघितलीय. बाग आहे, रात्रंदिवस नर्स आहेत. तू दमलीयस चिमे."

मी दमलेली नाही. तो आल्यावर घर चोख दिसलं पाहिजे, आई बरी दिसली पाहिजे. दहा दिवस आहेत. नाहीतर तो तिला नेईल, आणि तिथे सकाळी उठल्यावर तिला एकही तोंड ओळखीचं दिसणार नाही.

शनिवार, ७

पासवर्ड बदलल्यापासून कॅमेरा हललेला नाही. उपाय लागू पडला. दादाचं डोकं अशा गोष्टींत चांगलं चालतं.

पण आज वेगळंच झालं. सव्वाचारला आले तर घरात जळका वास. दुधाचं पातेलं कोळसा झालेलं, शेगडी बंद. आई खाटेवर, मांडीवर हात ठेवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

"आई, गॅस लावलास?"

"दूध तापवायला."

"आणि बंद कुणी केला?"

"मीच. दादा म्हणाला, आई, आधी गॅस बंद कर. बटण उजवीकडे फिरव. फिरवलं."

"दादा कुठे आहे आई?"

माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेंधळी. "गेला आत्ताच."

पातेलं दोनदा घासलं. डाग जात नाही. शेवटी पिशवीत गुंडाळून बाहेर टाकलं. आईला भास होतात, हे आता नक्की. रविवारी तिने दादासमोर असलं काही बोलू नये.

शेगडीचा मुख्य खटका यापुढे बाहेर जाताना बंद करायचा. इतके दिवस का केला नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. 

सोमवार, ९

नेट मधूनमधून अडकत होतं म्हणून तक्रार केली होती. आज कंपनीची बाई आली. तिशीची असेल, खांद्यावर जड पिशवी, तोंड सतत चालू. आईने तिला पाणी दिलं आणि विचारलं, "तू कुणाची गं?"

"कंपनीची, आजी. कंपनी म्हणते तू कंत्राटी, आमची नाहीस, पण मी आपली कामाला जाते."

आई खूप हसली.

तिने वायर बदलली. मी सहज म्हणाल्यासारखं कॅमेऱ्याचं सांगितलं. ती हसायची थांबली. आपल्या फोनवर कंपनीचं ॲप उघडलं, राउटरच्या नोंदी त्यात दिसतात.

"ताई, पासवर्ड बदललात ना?"

"बदलला. चांगला वीस अक्षरांचा."

"तो वायफायचा. फाटकाचं कुलूप झालं ते. राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड निराळा असतो. तो हातात असला की माणूस आतलं सगळं बघतो, पाहिजे ते बदलतो. तो कुठे आहे?"

मला असा दुसरा पासवर्ड असतो हेच माहीत नव्हतं.

"हे बघा." तिने फोन माझ्यापुढे धरला. एक ओळ होती: बाहेरून प्रवेश: चालू. "म्हणजे घरात नसलेला माणूसही राउटरमध्ये शिरू शकतो. आणि शिरतोय. गेले चार महिने, जवळजवळ रोज, दोन-सव्वादोनला."

"शिरून काय करतो?"

"फक्त यादी बघतो. घरात कोणकोणते फोन, कोणती यंत्रं जोडलेली आहेत, त्यांची. बाकी कशाला हात नाही. चोर असेल तर फार सभ्य चोर आहे."

"यादी बघून काय मिळतं?"

तिने आईकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही फोन घेऊन बाहेर पडलात की तुमचा फोन यादीतून गळतो, वेळेची नोंद राहते. घरात कोण आहे, कोण नाही, ते कळतं."

 कुणालातरी रोज कळतं की आई एकटी आहे.

"राउटर बसवला कुणी?"

"भावाने."

"मग त्यांनाच विचारा की." तिने पिशवी खांद्याला लावली. "आतला पासवर्ड त्यांनीच ठेवला असणार. नाही मिळाला तर मला फोन करा. मागे एक बारीक भोक आहे, त्यात टाचणी खुपसून दहा सेकंद धरायची. राउटर कोरा होतो, मग सगळं नव्याने."

मंगळवार, १०

दादाला आतला पासवर्ड विचारला.

"कुठेतरी लिहून ठेवलाय. शोधावा लागेल."

म्हटलं, कंपनीची बाई राउटर कोरा करायला सांगते.

"अजिबात नको." इतक्या जोरात म्हणाला की मी फोन कानापासून लांब धरला. मग आवाज मऊ केला. "कॅमेरा तुटेल, सगळी जोडणी जाईल. तुला जमणार नाही. मी रविवारी येतोच आहे, बघतो."

बरोबर आहे त्याचं. मला जमणार नाही.

पण रविवारपर्यंत पाच दिवस आहेत, आणि जो कोण आहे तो रोज दोन वाजता यादी बघतो.

आज गेले नाही. दुपारभर आईजवळ बसले. ती सारखी कॅमेऱ्याकडे बघत होती. मला म्हणाली, "तुला आज काम नाही?" दोनदा विचारलं. तिला मी जायला हवं होतं.

बुधवार, ११

युक्ती सुचली. राउटरची वायरच काढली. ना यादी, ना कॅमेरा, ना चोर. मलाही आई दिसणार नव्हती, हे कळत होतं. शेगडीचा खटका बंद केला, दार ओढून घेतलं आणि गेले. खरं लिहायचं तर घरात दुसरी दुपार काढणं मला शक्य नव्हतं.

साडेतीनलाच परतले. दार सताड उघडं. खाट रिकामी.

खोल्या बघितल्या, गच्ची बघितली, जिना दोनदा चढले-उतरले. रस्त्यावर येऊन "आई, आई" म्हणून ओरडले. पन्नाशीची बाई भर रस्त्यात आईला हाका मारते, लोक बघत होते. कोपऱ्यावरच्या शिंप्याने दुकानातून हात केला. आई त्याच्या स्टुलावर बसलेली, अनवाणी, केस विंचरलेले, हातात चिंध्यांची चवड.

"घ्या तुमच्या आईसाहेब," शिंपी म्हणाला. "गाड्यांच्या मधोमध उभ्या होत्या. म्हटलं, आधी माझ्या चिंध्या लावून द्या, मग जा."

"कुठे निघाली होतीस आई?"

"दादाला बघायला. आज आलाच नाही. वाट बघून बघून डोळे दुखले."

शिंप्याला म्हटलं, रविवारी माझा भाऊ येईल, त्याला हे सांगू नका. त्याने सुईत दोरा ओवला आणि मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

सात वाजता दादाचा फोन.

"आज दुपारी नेट बंद होतं का?"

"हो. वीज गेली होती."

"आई बरी आहे ना?"

"झोपली होती. तिला काय होणार?"

फोन ठेवला. भांडी घासायला घेतली. तिसऱ्या ताटाशी हात थांबला. दुपारी नेट बंद होतं हे दादाला कसं कळलं? त्याने दुपारी फोन केलेला नाही. केला असता तर माझ्या फोनवर दिसलं असतं.

नळ चालू होता. बऱ्याच वेळाने बंद केला.

गुरुवार, १२

वायर पुन्हा जोडली. दोनला फोन घेऊन नेहमीसारखी निघाले. आईला मोठ्याने म्हटलं, "येते गं." दार ओढल्याचा आवाज केला, लावलं नाही. फोन शिंप्याकडे ठेवायला दिला. जिना परत चढले, चपला हातात घेतल्या आणि दाराच्या फटीशी उभी राहिले.

अडीचला कपाटावरून आवाज आला. कॅमेऱ्यातून बोलताही येतं, हे मला आज कळलं.

"आई."

"आलास? काल कुठे होतास रे?"

"काल वीज गेली होती म्हणे. जेवलीस?"

"जेवले."

"गोळी? पांढरी?"

"घेतली वाटतं."

"टेबलावर बघ. डबी उघडी आहे का बंद?"

आई उठली. डबी उघडली, गोळी घेतली. मी सकाळी द्यायला विसरले होते.

"ती गेली का?"

"गेली."

"किती वाजता?"

"मला काय घड्याळ कळतंय?"

तो हसला. मग कागदावर पेन चालल्यासारखं खरखरलं. मला त्याचं अक्षर दिसल्यासारखं झालं. हजेरी लिहितो तो. त्याला दुसरं येतं काय?

"रविवारी मी येतो आई. तुला तिकडे नेईन. बाग आहे."

"आणि चिमी?"

"ती दमलीय."

"हो रे," आई म्हणाली. "फार दमते. माझ्यावर ओरडत नाही, पण दमते."

मी खाली जाऊन पायरीवर बसले. म्हणजे शनिवारी गॅस बंद करायला लावणारा खरा होता. आईला भास झालेला नव्हता. मी तिला वेड्यात काढलं, आणि ते ज्याच्यापासून लपवत होते तो सगळं बघत होता.

आणि चोराची तक्रार मी चोराकडेच नेली. नवा पासवर्डसुद्धा त्याला सांगितला. त्याने तो लिहून घेतला.

चारपर्यंत तिथेच बसले. वर गेले तेव्हा कॅमेरा दाराकडे वळला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

शुक्रवार, १३

सकाळी कंपनीच्या बाईला फोन लावला. ती पलीकडून सांगत गेली, मी करत गेले. टाचणी, दहा सेकंद. सगळे दिवे विझले, मग एकेक लागला. आत शिरायचा पासवर्ड नवा. वायफायचा नवा. बाहेरून प्रवेश: बंद. आतला प्रोग्रामही नवा करून घेतला. कॅमेरा कोरा करून माझ्या नावावर घेतला. इतके दिवस तो दादाच्या नावावर होता आणि मी त्यात पाहुणी होते.

"झालं," ती म्हणाली. "आता तुमच्याशिवाय कुणी नाही. कोण होता, कळलं?"

"घरातलाच."

"मला वाटलंच होतं. परका इतका वक्तशीर नसतो."

दीड तास लागला. मला जमलं.

अडीचला आई केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसली. मी घरीच होते. तीन वाजले. साडेतीनला ती उठून कपाटाजवळ गेली आणि त्या गोळ्याला म्हणाली, "रागावलास का?" चारला रडायला लागली. तिला मी काय सांगणार होते?

दादाचे सहा फोन. एकही घेतला नाही.

रविवार, १५

दादा साडेबाराला आला. मी आईला सांगितलं, दादा आलाय.

आईने त्याच्याकडे पाहिलं. पोट सुटलंय त्याचं, डोक्यावर केस नाहीत. सहा महिन्यांपूर्वी जरा वेळाने का होईना, ओळखलं होतं.

"बसा हं," ती म्हणाली. "तुम्ही नेटचे का?"

तो स्वयंपाकघरात माझ्या मागे आला. दार लोटलं.

"काय केलंस तू राउटरला?"

"तू काय करत होतास त्याला?"

"मी माझ्या आईला बघत होतो."

"आणि मला."

"तू तिला टाकून जात होतीस, चिमे."

"टाकून नाही."

"मग काय, ठेवून?" त्याने पिशवीतून वही काढली. तारखा, मी किती वाजता गेले, किती वाजता आले. एक बावन्न, चार दहा. एक पंचावन्न, चार पंधरा. चार महिने. "मी तुला विचारलं होतं, तेव्हा तू कुठे होतीस. स्वयंपाकघरात, म्हणालीस. मला स्वयंपाकघर दिसत होतं. त्यात कुणी नव्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू कॅमेरा बंद केला असतास."

खरं होतं. मी म्हटलं, "मी दहा दिवस मेल्यासारखी घाबरले होते. तुला माहीत होतं. तरी गप्प बसलास."

त्याने वही मिटली. "ते चुकलं."

मग म्हणाला, "बुधवारी काय झालं? खरं सांग." मी सांगितलं. रस्ता, शिंपी, चिंध्या, सगळं. लपवून काय उपयोग होता? त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "बघ. म्हणूनच न्यायचं म्हणतो. कागद आणलेत, तुझी सही लागेल." कागद ओट्यावर ठेवले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा आई केस विंचरत होती. अडीच होत आले होते. तिने खाटेची चादर सारखी केली आणि दादाला म्हणाली, "जरा बाजूला होता का? मध्ये आलात. आमचा दादा येईल आत्ता."

"आई, मीच दादा."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. वाईट वाटल्यासारखं. "नावं सारखी असतात हो."

तो बाजूला झाला. अडीच वाजले. आई कॅमेऱ्याकडे बघत राहिली. पाच मिनिटं. दहा. तिचे ओठ हलायला लागले, शुक्रवारसारखे.

दादा स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग गेले. त्याने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. "पासवर्ड सांग."

मी सांगितला नाही. फोन त्याच्या हातातून घेतला, कॅमेरा त्याला जोडून दिला, फोन परत दिला. राउटरमध्ये त्याला जागा नाही. माझ्या कॅमेऱ्यात आता तो पाहुणा.

तो ओट्याकडे तोंड करून उभा राहिला. "आई."

बाहेरच्या खोलीत कपाट बोललं.

"किती उशीर! रागावला होतास?"

"नाही गं. गाडी चुकली."

"इथे एक गृहस्थ आलेत. अगदी तुझ्या आवाजाचे."

"असं? कसे आहेत?"

"थकलेत बिचारे. केस गेलेत. त्यांना जेवायला घाल म्हणावं चिमीला."

दादाने ओट्याची कड धरली. "आई, माझ्याकडे यायचं का तुला? राहायला?"

"कशाला? तू येतोसच की इथे रोज."

मी ओट्याकडे बघत होते. नळातून थेंब पडत होता. दादाने फोनमधून काहीतरी विचारलं, आई हसली, आणखी बोलली. चार वाजेपर्यंत तो तिथेच उभा होता. मी त्याच्यासाठी स्टूल आणलं, तो बसला नाही.

नंतर त्याने कागद घडी करून पिशवीत टाकले. म्हणाला, "दोन ते अडीच मोकळं राहतं. कामावरून घरी पोचायला मला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ कुणीतरी हवं."

"चार वाजेपर्यंत हवं. तुझ्या हातांनी तिला पडताना सावरता येणार नाही."

"हो," तो म्हणाला. "एखादी बाई बघ."

"बघते."

सोमवार, १६

दादा सकाळच्या गाडीने गेला. आई उशिरा उठली. म्हणाली, "गेले का ते गृहस्थ?"

म्हटलं, गेले.

"चांगले होते. त्यांना डोळ्यांत घालायला काहीतरी द्यायचं होतंस. सारखे पुसत होते."